वाचकांचे प्रश्न : गेम बनवणाऱ्यांची वाट आणि ऑनलाइन छळ

गेल्या अंकात झोई क्विन यांच्यावर एक टिपण छापले होते. स्वतंत्रपणे गेम बनवणाऱ्या क्विन यांच्यावर २०१४ मध्ये इंटरनेटवरून झुंडीने हल्ला झाला. पुढे त्यांनी अशा हल्ल्यात सापडलेल्यांसाठी मदतकेंद्र काढले. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे सरसकट गाळली आहेत. या विषयात ते बरे.

प्रश्न : क्विन प्रकरणात गेमविषयक पत्रकारितेतला भ्रष्टाचार उघडकीस आला, असे माझे मित्र सांगतात. छळाचे उगीच मोठे केले, असेही म्हणतात. खरे काय? – महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

मित्रांकडे एकच गोष्ट मागा. ज्या परीक्षणावरून एवढे रान उठले, ते परीक्षण दाखवा म्हणावे. त्यांना ते दाखवता येणार नाही, कारण ते कधी लिहिलेच गेले नाही.

‘डिप्रेशन क्वेस्ट’ हा क्विन यांनी पॅट्रिक लिंडसे आणि आयझॅक शँक्लर यांच्यासोबत केलेला, बहुतेक सगळा मजकुराचाच गेम. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो वेबवर आला, ऑगस्ट २०१४ मध्ये संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे रोजचे जगणे त्यात आहे. प्रत्येक प्रसंगात काय करायचे याचे पर्याय दिसतात, पण त्यातले काही खोडलेले असतात. ‘मित्राला मोकळेपणाने सांगा’ हा पर्याय समोर वाचता येतो, पण निवडता येत नाही. तब्येत जितकी ढासळेल तितके जास्त पर्याय खोडले जातात. आजाराबद्दल चार पाने लिहूनही जे सांगता येणार नाही, ते या एका युक्तीने सांगून टाकले आहे.

१६ ऑगस्ट २०१४ रोजी क्विन यांच्या आधीच्या जोडीदाराने त्यांच्या खासगी आयुष्यावर लांबलचक मजकूर टाकला. ‘कोटाकू’ या संकेतस्थळाच्या पत्रकाराशी संबंध ठेवून चांगले परीक्षण मिळवले, अशी आवई त्यातून उठली. त्या पत्रकाराने या गेमचे परीक्षण केलेच नव्हते, आणि कोटाकूच्या संपादकांनी चौकशी करून तसे जाहीरही केले. पण तोवर क्विन यांचा पत्ता आणि फोन नंबर पसरला होता, खाती फोडली गेली होती, बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. त्यांना घर सोडावे लागले. हे सगळे ‘आपोआप भडकलेले’ दिसावे म्हणून आखणी कशी चालली होती, ते हल्लेखोरांच्या चॅटरूममधले संभाषण जपून ठेवून क्विन यांनी सप्टेंबरमध्ये जगासमोर मांडले. ऑक्टोबरमध्ये ब्रियाना वू या दुसऱ्या गेम डेव्हलपरला घरच्या पत्त्यासकट धमक्या आल्या. त्याच महिन्यात समीक्षक अनिता सार्कीसियन यांना युटा स्टेट विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले. गोळीबाराची धमकी होती आणि परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यापासून त्या राज्याच्या कायद्यानुसार रोखता येत नाही, असे पोलिसांनी सांगितले होते.

एवढे घडल्यावर ‘मोठे केले’ असे म्हणायला जागा उरत नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्विन आणि अ‍ॅलेक्स लिफशिट्झ यांनी ‘क्रॅश ओव्हरराइड’ हे मदतकेंद्र सुरू केले. हल्ला चालू असलेल्या माणसाची खाती कुलूपबंद करणे, पुरावा लावून देणे, कंपन्यांमधल्या योग्य माणसापर्यंत तक्रार पोचवणे, पोलिसांशी काय बोलावे हे सांगणे असे त्याचे काम होते. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्त्रियांवरील ऑनलाइन हिंसेवरच्या कार्यक्रमात सार्कीसियन आणि क्विन एकत्र बोलल्या. खालची बरीच उत्तरे याच पद्धतीच्या कामावर बेतलेली आहेत, फक्त कायदा आणि कचेऱ्या आपल्याकडच्या आहेत.

प्रश्न : २०१९ च्या महापुरावर मराठीत छोटा गेम करायचा आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही. कुठून सुरुवात करू? – शिक्षिका, सांगली

ट्वाइनपासून. ‘डिप्रेशन क्वेस्ट’ त्यातच झाला होता. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले हे साधन फुकट आहे. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येक चौकट म्हणजे एक प्रसंग. चौकटीत मजकूर लिहायचा आणि पुढच्या प्रसंगाकडे नेणारे वाक्य दुहेरी चौकोनी कंसात टाकायचे : [[माळ्यावर चढा->माळा]]. ‘माळा’ नावाची चौकट ट्वाइन आपणहून तयार करते.

ब्राउझरमधले ट्वाइन वापरू नका, संगणकावर उतरवून घ्या. ब्राउझरमध्ये केलेली गोष्ट त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते. घरात कोणी हिस्टरी साफ केली की महिन्याचे काम गेले. उतरवलेल्या आवृत्तीतही रोजच्या रोज आर्काइव्हची फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

देवनागरीची एक खोच आधीच सांगतो. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्या वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या रीतीने टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. चौकटीचे नाव मोबाइलवर टाइप केलेत आणि दुवा लॅपटॉपवर, तर दुवा जुळत नाही. ट्वाइन त्याच नावाची दुसरी, रिकामी चौकट काढते आणि खेळणारा कोऱ्या पानावर जाऊन पडतो. म्हणून चौकटींना जोडाक्षर नसलेली छोटी नावे द्या (माळा, नाव, पूल, शाळा) आणि दुव्यात नाव टाइप न करता कॉपी करा. व्हेरिएबलची (गेम लक्षात ठेवतो त्या बदलत्या आकड्याची) नावे मात्र रोमन अक्षरांतच ठेवा.

तुमच्या विषयाला एकच व्हेरिएबल पुरेल : सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पाण्याची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीकराला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. खेळणाऱ्याच्या प्रत्येक निर्णयाला अर्धा किंवा एक फूट पाणी वाढू द्या : म्हशी सोडायला गेलात, एक फूट, कागदपत्रांची पिशवी शोधत बसलात, अर्धा फूट. पंचेचाळीसनंतर रस्त्याने जाण्याचे पर्याय एकेक करून बंद करा. पातळी पानाच्या वर कायम दिसत राहू द्या, त्यावर भाष्य करू नका. आकड्यानेच पोटात गोळा येतो.

पहिला गेम पंधरा मिनिटांत संपला पाहिजे. तीस ते चाळीस चौकटी, प्रत्येकीत शंभरच्या आत शब्द. बहुतेकांचे पहिले काम अर्धवट राहते, कारण प्रत्येक निवडीला वेगळी शाखा फोडली की पाचव्या निवडीपर्यंत बत्तीस शाखा होतात. शाखा दोन-तीन चौकटींनी पुन्हा एकत्र आणा. फरक व्हेरिएबलमध्ये राहू द्या.

अक्षरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. ओळींमधले अंतर १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. शेवटी ‘पब्लिश’ केल्यावर एकच एचटीएमएल फाइल मिळते. तिचे नाव इंडेक्स ठेवून झिप करा, इच.आयओ या छोटे गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर नवीन प्रकल्प उघडा, प्रकार एचटीएमएल निवडा आणि फाइलच्या खालच्या ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ या चौकटीत खूण करा. ती खूण राहिली तर लोकांना नुसती झिप उतरवायला मिळते आणि निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. साध्या अँड्रॉइड फोनवर स्वतः खेळून बघितल्याशिवाय लिंक कुणाला देऊ नका.

पुढे चित्रांचा, हालचालीचा गेम करायचा झाला तर गोडो हे गेम बनवायचे साधन शिका, पण चौथी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते. युनिटी या तशाच दुसऱ्या साधनाच्या नेहमीच्या मजकूर सोयीतही हीच अडचण येते.

प्रश्न : गेम विकून पोट भरते का? स्टीमवर टाकायला किती खर्च? – अभियंता, मिरज

पहिल्या गेमवर नाही भरत. नोकरी सोडू नका.

खर्च असा : स्टीमला प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. फी भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला काढता येत नाही आणि ‘लवकरच’ असे पान किमान दोन आठवडे उघडे ठेवावे लागते. म्हणजे दिवाळीला आणायचा गेम गणपतीतच कागदोपत्री तयार हवा. विक्रीतले ३० टक्के स्टीम घेते. कराचा फॉर्म भरताना पॅन क्रमांक टाका आणि भारत-अमेरिका करकराराचा लाभ मागा. नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ ऐवजी ३० टक्के कर कापला जातो. एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर विकत घेऊन चौदा दिवसांच्या आत ग्राहक पैसे परत मागू शकतो, त्यामुळे तासाभरात संपणारा गेम स्टीमवर महाग लावण्यात अर्थ नाही. असे छोटे गेम इच.आयओवर ‘हवे तितके द्या’ या पद्धतीने ठेवावेत. तिथला हिस्सा किती द्यायचा ते तुम्हीच ठरवता. काही बदलले नाही तर तो १० टक्के असतो.

पुरे झालेले तीन छोटे गेम दाखवता आले तर पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत मुलाखत मिळते. अर्धवट राहिलेला एक मोठा गेम कुणी बघत नाही.

प्रश्न : माझा गेम गावातल्या सावकारीवर आहे. लोक चिडणार. प्रसिद्ध करण्याआधी घरचा पत्ता आणि फोन नंबर कसा जपायचा? – गृहिणी, कोरेगाव

तुम्ही हा प्रश्न गेम बाहेर पडण्याआधी विचारलात, हे फार चांगले केलेत. नंतर ही कामे दसपट अवघड होतात. पत्ता कुठल्या कुठल्या भोकांतून गळतो, ते बघू.

सगळ्यात मोठे भोक म्हणजे गूगल प्ले. वैयक्तिक खात्यावरून पैसे घेणारा गेम ठेवलात की तुमचे कायदेशीर नाव आणि संपूर्ण पत्ता दुकानाच्या पानावर सर्वांना दिसतो. फुकट ठेवलात तर नाव, देश आणि ईमेल दिसतो. तुमच्या विषयाचा गेम तिथे विकायचाच असेल तर आधी व्यवसायाचा वेगळा पत्ता हवा. तो होईपर्यंत इच.आयओवर टोपणनावाने ठेवा.

दुसरे जीएसटी. नोंदणी केलीत की क्रमांकावरून व्यवसायाचा पत्ता कुणालाही शोधता येतो. घरचा पत्ता देऊन नोंदणी करण्याआधी सल्लागाराशी नीट बोला, आणि गरज नसताना ‘असू दे’ म्हणून नोंदणी करू नका.

तिसरे आपल्याकडचे खास : यूपीआय. ‘आवडल्यास मदत करा’ म्हणून क्यूआर लावलात की स्कॅन करणाऱ्याला बँकेतले पूर्ण नाव दिसते, आणि आयडी मोबाइल नंबरावरून बनलेला असेल तर नंबरही. देणगीची सोय इच.आयओचीच वापरा.

फोन नंबर वेगळा घ्या. गेमची सगळी खाती त्या नंबरावर आणि वेगळ्या ईमेलवर. हा नंबर नातेवाइकांना देऊ नका. त्यांच्या फोनमध्ये ‘कोरेगावची वहिनी’ म्हणून सेव्ह झाला की कॉलर ओळखणाऱ्या अ‍ॅपमधून तेच नाव अनोळखी माणसाला दिसू शकते. टेलिग्रामवर नंबर ‘कुणालाही दिसू नये’ असा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये घेण्याची परवानगी फक्त ओळखीच्यांना द्या आणि दोन टप्प्यांचा पिन लावा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तर त्यातली जागेची नोंद निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाका. गेमचा कोड गिटहबवर (कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर) ठेवत असाल तर प्रत्येक नोंदीत तुमचा ईमेल जातो. तो लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण जुन्या नोंदींत राहून गेलेला ईमेल तिने पुसला जात नाही. संगणकाच्या युजरला पूर्ण नाव दिलेले असेल तर तयार गेमच्या फाइलमध्येही फोल्डरच्या मार्गासकट ते उमटू शकते. नवीन युजर काढून त्यावरूनच काम करा.

पासवर्ड प्रत्येक खात्याला वेगळा, पासवर्ड मॅनेजरमध्ये. लॉगिनचा दुसरा टप्पा (पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड) एसएमएसचा न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा ठेवा, कारण सिम दुसऱ्याने काढून घेतले की एसएमएस त्याच्याकडे जातात. बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात. सर्वांत आधी ईमेलचे खाते बंदिस्त करा. ते फुटले की बाकीच्यांचे पासवर्ड बदलायला पाच मिनिटे लागतात.

हे झाल्यावर आपले नाव, नंबर, गाव यांच्या जोड्या करून स्वतःच शोधून बघा. दहावीच्या सत्काराची बातमी, सोसायटीची यादी, जुने फेसबुक खाते असे काय काय वर येते ते पाहून जे काढता येईल ते काढा.

प्रश्न : आमच्या गेमवर एका रात्रीत खोटे वाईट अभिप्राय पडले. ते पुसता येतात का? – दोन मित्र, कराड

स्टीमवर तुम्हाला पुसता येत नाहीत, पण एखादा अभिप्राय शिवीगाळीचा असेल तर त्यावर झेंडा लावून कळवता येते. गेमशी संबंध नसलेल्या कारणाने आलेली लाट स्टीम २०१९ पासून वेगळी काढते आणि तो कालावधी एकूण गुणांतून वगळते. डेव्हलपर म्हणून तुम्ही तसे लिहून कळवा. अभिप्रायांखाली भांडू नका. एक शांत, तारखेसह खुलासा वर चिकटवा आणि थांबा. इच.आयओवर कमेंट बंद करता येतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर गट असेल तर आमंत्रणे थांबवा, स्लो मोड (दोन मेसेजमध्ये सक्तीचे अंतर) लावा, आणि राखण रात्रभर एकाच माणसाच्या गळ्यात टाकू नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीने केलेला गेम गाजला. तेव्हापासून एक जण तिच्या नावाने खोटी खाती काढतो, चेहरा चिकटवलेले अश्लील फोटो पाठवतो आणि ‘कॉलेजच्या वाटेवर भेटतोच’ असे लिहितो. वय १९. पोलिसांत विचारले तर ‘ब्लॉक करा, सोशल मीडिया बंद करा’ असे सांगितले. – थोरली बहीण, तासगाव तालुका

ताई, तो सल्ला चुकीचा आहे. तिचे काम, तिचे खेळणारे, तिची ओळख सगळे तिथेच आहे. तिने खाती बंद केली तर त्याला हवे तेच होते आणि पुरावाही जातो. क्रम असा ठेवा : आधी पुरावा, मग तक्रार, मग ब्लॉक.

पुरावा गोळा करण्याचे काम तिच्याकडून काढून घ्या. तुम्ही किंवा विश्वासातल्या कुणी करा. रोज तेच वाचत बसण्याची शिक्षा तिला नको. प्रत्येक पोस्ट, मेसेज आणि खात्याचा स्क्रीनशॉट असा घ्या की खात्याचे यूजरनेम, तारीख, वेळ आणि पूर्ण लिंक दिसेल. फक्त शिवीचे वाक्य कापून घेतलेला स्क्रीनशॉट कोर्टात लंगडा पडतो. लिंक कॉपी करून वेगळीही ठेवा, कारण वर दिसणारे नाव तो रोज बदलेल, लिंक सहसा तीच राहते. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा. त्याचे मेसेज पुसू नका, फोन विकू नका, रिसेट करू नका. मूळ फोन हाच खरा पुरावा आहे.

मग एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तक्ता : क्रमांक, तारीख-वेळ, कोणत्या अ‍ॅपवर, खात्याची लिंक, काय लिहिले, स्क्रीनशॉटच्या फाइलचे नाव, कोणी पाहिले. पहिल्या दिवसापासून क्रमाने. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तीनशे सुटे फोटो दिले तर ते तसेच पडून राहतात. दोन पानांचा तक्ता मात्र तो वाचतो.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा पहिला भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) त्यात लिहावे लागते. ते नंतर भरता येते, पण मूळ फाइल बदललेली नसावी, म्हणून स्क्रीनशॉटवर लाल गोल काढायचे ते त्याच्या प्रतीवर काढा.

फोटोंचे काम त्याच दिवशी करा. स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो आपल्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा फक्त हॅश तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळणारा फोटो अडवतात. चेहरा चिकटवलेले फोटोही त्यात चालतात. शिवाय त्या अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तिच्या स्वतःच्या नावे तक्रार टाका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे नग्न किंवा कृत्रिमरीत्या बनवलेले असे चित्र, किंवा तिच्या नावाचे खोटे खाते, ठरलेल्या मुदतीत (आधी २४ तास, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपासून २ तास) काढण्याची कारवाई व्हायला हवी. तक्रारीत ‘नियम ३(२)(ख)’ असे स्पष्ट लिहा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याला फी नाही. पण हे सगळे स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर. खाते आधी उडाले तर ते कुणाचे होते हे शोधणे अवघड होते.

आता पोलीस. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रारही करता येते, पण तिचा पाठपुरावा करता येत नाही. नाव देऊन ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ निवडा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुमच्यासाठी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. तिची छापील प्रत, तक्ता आणि पेनड्राइव्ह घेऊन सांगलीला जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा आपल्या ठाण्यात पुन्हा जा.

अर्ज कसा लिहिता यावर बरेच अवलंबून आहे. ‘बदनामी करतो’ एवढेच लिहिलेत तर अब्रुनुकसानी अदखलपात्र असल्यामुळे एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती फाडून हातात देतील. म्हणून आधी पाठलाग लिहा : तिने नको म्हटल्यावरही तो पुन्हा पुन्हा संपर्क करतो, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवतो. हे भारतीय न्याय संहितेचे कलम ७८. मग धमकी, वाटेत गाठण्याच्या वाक्यासकट आणि तारखेसह : कलम ३५१. अश्लील शेरे : कलम ७९. खोटे खाते : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६सी आणि ६६डी. चिकटवलेले अश्लील फोटो : ६७ आणि ६७ए. कलमे शेवटी पोलीसच ठरवतात, तुम्ही घटना मात्र या क्रमाने सांगा. जुने ६६ए कुणी सुचवले तर ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलेले आहे.

हद्दीचा प्रश्न काढला तर झिरो एफआयआरची तरतूद आहे. गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याने नोंदवून घ्यायचा. कलम ७८ आणि ७९ च्या प्रकरणात तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, म्हणून हवालदाराशी वाद घालण्यापेक्षा थेट निरीक्षकांना भेटा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तरीही नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्याची पावती ठेवा, आणि तिथेही काही झाले नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. बोलून आलो, फोन केला होता, याला पुढे काही किंमत राहत नाही. प्रत्येक भेटीनंतर कुणाला, कधी, काय सांगितले ते त्याच तक्त्यात लिहा.

तोवर तिच्या येण्याजाण्याच्या वेळा बदला, कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी कळवा, आणि गेमच्या पानावर तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी उत्तरे द्यावीत. त्याला ‘समजावून सांगायला’ गावातल्या कुणाला पाठवू नका. तो पैसे मागू लागला तर देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. आणि घरात तिला ‘तू गेम केलास म्हणून हे झाले’ असे कुणी म्हणत असेल तर ते आधी थांबवा. गुन्हा त्याने केला आहे.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची. डिस्कॉर्डवर गेम बनवणाऱ्यांच्या गटात असते. हे सगळे वाचून फोन काढून घ्यावा असे वाटते. – वडील, वाई

काका, फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी काही झाले की ती तुम्हाला सांगणार नाही. घरच्यांना कळलेले अजिबात चालणार नाही, हीच भीती धमकावणारा वापरतो. तिच्यासोबत बसून तासाभरात सेटिंग बदला : अनोळखी माणसांचे थेट मेसेज बंद, मैत्रीच्या विनंत्या मर्यादित, कॅमेरा आणि लोकेशनची परवानगी काढलेली, टोपणनावात खरे नाव किंवा जन्मवर्ष नाही. ‘काहीही झाले तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही’ हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा आणि तसे वागा. १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत अश्लील काही घडले तर पॉक्सो कायदा लागू होतो, आणि ते माहीत असूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. अशा चित्रांच्या प्रती पुरावा म्हणूनही घरात साठवू नका, पुढे पाठवू नका. लिंक, खाते आणि वेळ लिहून थेट पोलिसांकडे जा. चित्र अडवण्यासाठी या वयाला ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा आहे.

प्रश्न : एका मुलीच्या गेमची टर उडवणारे मीम मी ग्रुपवर पुढे ढकलले. नंतर कळले की त्यात तिचा नंबर होता आणि तिला रात्रभर फोन गेले. मी शिवी दिली नव्हती. माझा काय दोष? – विद्यार्थी, सातारा

गेमला वाईट म्हणणे गुन्हा नाही. तसे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि डेव्हलपरला ते ऐकावे लागते. नंबर पसरवणे मात्र टीका नव्हे. रात्री फोन करणाऱ्या प्रत्येकाने एकेकच फोन केला असेल, पण तिला शंभर आले, आणि त्यांतले काही तुमच्या ढकलण्यामुळे आले. धमकीसोबत किंवा अश्लील मजकुरासोबत असे काही पुढे पाठवले असेल तर गुन्ह्यात तुमचेही नाव येऊ शकते.

आता करायचे ते असे. तुम्हाला ते मीम कोणी, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता पाठवले ते लिहून ठेवा. मग तुम्ही पाठवलेले सर्वांसाठी डिलीट करा. ज्या ज्या ग्रुपवर टाकले तिथे लिहा : ‘मी टाकलेल्या चित्रात एका मुलीचा खासगी नंबर होता, ज्यांनी सेव्ह केले असेल त्यांनी काढा, कुणी फोन करू नका.’ अ‍ॅडमिनला सांगा. तिला थेट मेसेज करून माफी मागायला जाऊ नका, अनोळखी नंबरांचा तिला आधीच उबग आला असेल. ओळखीच्या मधल्या माणसामार्फत कळवा की नंबर कुठून आला याची माहिती तुमच्याकडे आहे आणि तिने तक्रार केली तर तुम्ही जबाब द्यायला याल. मूळ चित्र बनवणाऱ्यापर्यंत पोचायला पोलिसांना तोच दुवा लागतो, आणि ग्रुपमधले बाकीचे सगळे गप्प बसले तर तो तिथेच तुटतो.